पाणी पडेपर्यंत थांबा

परतवाड्याचं हौशी वाद्यमंडळ भगवंतरावांनी काढलं, असं कोणी तुम्हाला सांगितलं तर त्याला खुशाल खोटारडा म्हणा आणि माझं नाव सांगा. भगवंतरावांनी पेटी आणली, खरं आहे. आपली बैठक दिली, चहा पाजला, तेही खरं. पण मंडळ निघालं ते नत्थुजी माळ्याच्या फाटक्या मोटेतून. मी शालिकराम. या मंडळात बावीस वर्षं फिडल वाजवलं आहे, तेव्हा मला नका शिकवू.

इंग्रजांची पलटण परतवाड्याची छावणी सोडून गेली, तेव्हा मागं राहिलेल्या सामानाचा लिलाव झाला. खुर्च्या, खोगिरं, कंदील, काय काय. नत्थुजी तेव्हा विशीतले, नुकतं लग्न झालेलं. गावाबाहेर नदीकाठी त्यांचा मळा; वांगी, मेथी, झेंडू, बांधाला संत्र्याची दहा झाडं. मोटेचं चामडं फाटलं होतं आणि वांग्यांनी माना टाकल्या होत्या. लिलावात त्यांना पलटणीचा मोठा ढोल दिसला. दोन्ही तोंडांना हे एवढं चामडं! यात एक मोट सहज बसते, असा हिशेब करून नत्थुजी ढोल डोक्यावर घेऊन घरी आले.

त्यांची बायको गंगूबाई तेव्हा नवी नवरी होती, पण जीभ तेव्हाही अशीच. तिनं विळा काढून हातात दिला. नत्थुजींनी कापायच्या आधी चामडं कसं आहे ते पाहायला ढोलावर एक थाप मारली. धम्म! आवाज नदीपल्याड जाऊन परत आला. त्यांनी आणखी एक मारली.

"कापा नं आता," गंगूबाई म्हणाली.

"कापतो," नत्थुजी म्हणाले.

"तवापासून कापूनच राह्यले बाप्पा," असं ती पुढं चाळीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मोटेचं चामडं शेवटी तिच्या माहेरून आलं, हेही सांगायची, कोणी विचारलं नसलं तरी.

ढोलाचा आवाज ऐकून पुढच्या वीसेक वर्षांत एकेक जण मळ्यात जमू लागला. चंद्रभान आला, तो कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, आणि पलटणीतला एक म्हातारा बँडवाला इथंच राहून गेला होता, त्याच्याकडून क्लॅरिओनेट शिकला होता. भगवंतराव आले, काळ्या जमिनीचे मोठे शेतकरी, पेटी गड्याच्या डोक्यावर. मी अमरावतीला मॅट्रिकला दोनदा बसलो आणि दोनदा उठलो, येताना फिडल घेऊन आलो. बासरीवाला, झांजवाले दोघे भाऊ, आणखी दोन-तीन जण. सगळ्यांची नावं घेत बसलो तर एखादं राहील आणि त्याचा नातू माझ्या दारात येऊन भांडेल.

आता गंमत ऐका. नत्थुजींना मळा सोडून तालमीला येता येत नव्हतं. ओलीत, म्हणजे मोटेचं पाणी, थांबलं की भाजी गेली. म्हणून तालीमच मळ्यात गेली. विहिरीजवळच्या आंब्याखाली आमची सतरंजी, आणि शेजारी नत्थुजी मोट हाकताहेत. हौश्या आणि नवश्या ही त्यांची बैलजोडी. बैल धावेच्या उतारावरून खाली निघाले की पाण्यानं भरलेली मोट विहिरीतून वर येते. उतार संपतो तिथं मोट वर दगडी थारोळ्यात उलटते आणि धबाबा पाणी पडतं. तेवढा वेळ बैल उभे. मग ते उलट्या पावलांनी हळूहळू मागं सरतात आणि मोट खाली जाते. नत्थुजींनी उताराच्या शेवटी कडुलिंबाच्या फांदीला ढोल टांगला होता. बैल तिथं पोचले की ते बैल हाकायच्या पराणीच्या दांड्यानं एक ठेवून द्यायचे. धम्म!

आणि आम्ही? आम्ही त्या बैलांबरोबर वाजवायचो. तसं कोणी ठरवलं नव्हतं हो, पण कानाशी मोट चालली असताना दुसरं होणार काय! बैल उतरले की आमची लय चढायची. धम्म झालं की सगळे गप्प, पाणी पडेपर्यंत. पाणी पडून झालं की पुन्हा सुरू, पण आता संथ, कारण बैल मागं सरताहेत. भूपाची गत घ्या नाहीतर मांड घ्या, सगळ्यांची हीच चाल. सात वर्षं आम्ही असं वाजवलं आणि जगात सगळेच असं वाजवतात, अशी आमची समजूत होती. लग्नात वाजवायला गेलो की नत्थुजी ढोल घेऊन मध्ये बसायचे, धम्म करायचे, आणि आम्ही तिथंही पाण्यासाठी थांबायचो. नवरदेवाच्या मांडवात कसलं आलंय पाणी? पण आसपासच्या गावांना सवय झाली होती. "परतवाड्याची मंडळी मंधात दम घेते," एवढंच म्हणायचे.

एकोणीसशे चौतीस साली अमरावतीच्या शेतकी प्रदर्शनाचं बोलावणं आलं. वऱ्हाडभरातल्या हौशी वाद्यमंडळांची चढाओढ, पहिल्याला चांदीचं पदक. भगवंतरावांनी त्याच दिवशी बैठकीच्या भिंतीत पदकासाठी खिळा ठोकला. अन् नागपूरहून महादेवराव मास्तरांना महिनाभरासाठी बोलावलं. मास्तर नाटक कंपनीत ऑर्गन वाजवत आलेले, काळा कोट, कडक माणूस.

मास्तरांनी आम्हाला पहिल्यांदा बैठकीत ऐकलं, मळ्यात नाही. आम्ही जोरात सुरुवात केली. लय चढली. धम्म! सगळे गप्प. मास्तरांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं.

"काय झालं? कोणी गेलं का?"

"पानी पडून राह्यलं नं जी," नत्थुजी अदबीनं म्हणाले.

"कुठं?"

आता कुठं ते काय सांगणार! मास्तरांनी आम्हाला चार वेळा वाजवायला लावलं आणि चारही वेळा कपाळावर हात मारला. मग पेटाऱ्यातून एक लाकडी यंत्र काढलं. किल्ली दिली की त्याची काडी इकडून तिकडं टक् टक् टक् करायची, एका चालीनं, ना कमी ना जास्त. आम्ही त्याच्याबरोबर वाजवून पाहिलं. पहिल्या दहा टकटकीत यंत्र एकीकडं आणि आम्ही दुसरीकडं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास!

"या माणसाच्या हातात लय नाही," मास्तर नत्थुजींकडं बोट करून म्हणाले, "विहीर आहे. हे बसले तर पदक विसरा. मी अमरावतीहून तबलजी बोलावतो."

भगवंतराव खिळ्याकडं पाहत राहिले. चंद्रभाननं मान खाली घातली. आणि मी? मला तेव्हा गप्प बसता आलं असतं. पण उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! मी म्हणालो, "नत्थुजी, यंदाच्या पुरते तुम्ही बाजूला बसाच. तिथं शिकलेले लोक असतात, हसतील आपल्याला."

नत्थुजींनी खांद्यावरचा शेला काढून ढोल नीट पुसला. "बरं हाय," म्हणाले. "ढोल ऱ्हाऊ द्या इथंच. तबलेवाल्याले लागला तं लागला." आणि उठून गेले. वहाणा दारातच विसरले. अनवाणीच गेले मळ्यापर्यंत. मी पाहत होतो, पण हाक मारली नाही. आज इतक्या वर्षांनीसुद्धा ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तिसऱ्या दिवशी आम्ही टकटकीबरोबर घाम गाळत होतो, तोच गंगूबाई बैठकीच्या दारात येऊन उभी राहिली. पदर कमरेला खोचलेला. हे लक्षण चांगलं नव्हतं.

"वाहना घ्याले आली मी," ती म्हणाली. "अन् एक सांगा मले. माह्या वांग्यायले पानी कोन देईन? तुमचा मास्तर?"

"काय झालं काकू?" मी विचारलं.

"बैलं उभे हायेत नं! उतरतेत, मंग ढिम्म. मांगं सरतच नाई. हौश्या आंब्याखाली पाह्यते, नवश्या आंब्याखाली पाह्यते. तुमीच त्यायले बाज्याची सवय लावली, सात वर्सं! आता इथं येऊन बसले लपून." मग तिचं लक्ष त्या यंत्राकडं गेलं. "अन् हे काय होय?"

"लय मोजायचं यंत्र आहे, बाई," मास्तर म्हणाले.

"हव का? हे मोट वढते का?"

वहाणा उचलून ती गेली. दुसऱ्या दिवसापासून चंद्रभान जिनिंगचा भोंगा व्हायच्या आधी सकाळी क्लॅरिओनेट घेऊन मळ्यात जाऊ लागला. नत्थुजींनी त्याला बोलावलं नव्हतं, आणि आल्यावर ये म्हटलं नाही. पाठ करून मोट हाकायचे. चंद्रभान वाजवायचा, बैल चालायचे, वांगी जगायची. चंद्रभाननं हे मला प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, अमरावतीच्या मोटारीत सांगितलं. "एक डाव तरी ये म्हनले असते," तो म्हणाला. "नाई म्हनले. पन रोज जाताना पिशवीत चार संत्री असायची."

अमरावतीच्या प्रदर्शनात काय नव्हतं! लोखंडी नांगर, कापसाचे ढीग, चिखलदऱ्याच्या कॉफीची रोपं, डोक्याएवढे मुळे. आमचा मांडव मैदानाच्या एका टोकाला, आणि तिथून हाकेच्या अंतरावर एक विहीर. त्या विहिरीवर बैलजोड्यांची चढाओढ लागली होती. पाव तासात कोणाची जोडी जास्त मोटा ओढते ते पाहायचं. यादीत एक नाव वाचलं आणि मी ते चंद्रभानला पुन्हा वाचायला लावलं. नत्थुजी माळी, परतवाडा.

हे गंगूबाईचं काम. "तुमाले नाई बसू देत तं बैलं तं जातीन," असं म्हणून तिनंच नाव घातलं होतं. दोन दिवस बैलांबरोबर चालत आले होते दोघं.

आमची पाळी आली. मास्तर समोर, तबलजी मधोमध, सगळे एका चालीत. खरं सांगतो, आम्ही आयुष्यात इतकं बिनचूक कधी वाजवलं नव्हतं, आणि इतकं कंटाळवाणंही नव्हतं. पहिल्या रांगेतले साहेब मान डोलवत होते. मागं शेतकरी मंडळी जांभया देत एकेक करून विहिरीकडं सरकत होती. तिकडून मध्येच हसण्याचा फवारा यायचा. "अबे म्हाताऱ्या, घरी घेऊन जाय थे बैलं!" असं कोणी तरी ओरडलेलं मला स्पष्ट ऐकू आलं.

तेवढ्यात मांडवाच्या दारात गंगूबाई दिसली. मी तिला वीस वर्षं ओळखत होतो. बोलत नाही अशी ती मी कधी पाहिली नव्हती. त्या दिवशी ती नुसती उभी होती. हातात पदराचं टोक, आमच्याकडं पाहतेय. ना शिवी, ना हाक.

फिडल काखेत मारलं आणि उठलो. भगवंतरावांनी माझं धोतर धरलं. "शालिकराम! पदक! बस खाली!" मी म्हणालो, "तुमचं पदक तुम्हीच घाला गळ्यात," आणि मंचावरून उडी टाकली. मागं वळून पाहतो तर चंद्रभान माझ्या आधीच खाली! झांजवाले भाऊ, बासरीवाला, सगळे निघाले. ढोल आम्ही शोभेला म्हणून आणला होता, तो दोघांनी उचलला.

विहिरीवर नत्थुजी धावेच्या टोकाला बैलांच्या वेसणी धरून उभे होते. मोटेचं गाणं पुन्हापुन्हा म्हणत होते. मांडवातली आमची टकटकीची चाल हौश्या-नवश्यांनी ओळखली नव्हती; ते मागं सरायला तयार नव्हते आणि वेळ चालला होता. लोक हसत होते. नत्थुजींनी आम्हाला पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"नत्थुजी," मी म्हणालो, "चुकलो मी. ढोल कुठं ठेवू?"

तोंड न वळवताच पराणीनं त्यांनी उताराच्या शेवटी एक जागा दाखवली. झांजवाल्यांनी ढोल तिथं उभा धरला. चंद्रभाननं क्लॅरिओनेट तोंडाला लावलं.

हौश्याचा कान हलला. मग नवश्याचा. एक पाऊल मागं, दुसरं पाऊल मागं. मोट विहिरीत गेली. नत्थुजी उडी मारून नाड्यावर, मोटेच्या दोरावर, बसले आणि ओरडले, "चाला रे माह्या लेकायनो!" बैल उतारावरून निघाले, आमची लय चढली, चढली, आणि धम्म! आम्ही सगळे गप्प. आणि त्या शांततेत थारोळ्यात पाणी कोसळलं. धबाबा!

हसणारं मैदान एका क्षणात ओरडायला लागलं. पुढच्या मोटेला लोक टाळ्या धरायला लागले. त्याच्या पुढच्या मोटेला धम्म झाल्यावर शेकडो माणसं आमच्याबरोबर गप्प बसली आणि पाणी पडल्यावर एकदम "हेऽऽऽ!" करून ओरडली. भगवंतराव पेटी गड्याच्या डोक्यावर देऊन धापा टाकत आले, पेटी जमिनीवर ठेवून मातीतच बसले आणि वाजवू लागले. पांढरं स्वच्छ धोतर, सगळा चिखल!

सगळ्यात शेवटी मास्तर आले. मला वाटलं, आता आमची खैर नाही. ते काठावर उभे राहिले. एक मोट ऐकली, दुसरी ऐकली. पाणी पडताना हाताच्या बोटांवर मोजत होते. तिसऱ्या मोटेला ते मोठ्यानं म्हणाले, "अरे, बरोबर चार मात्रा! ढोल समेवर आहे, आणि पुढच्या चार मात्रा पाणी वाजवतंय! गाढवांनो, हे मला सांगितलं का नाही?" आम्ही काय सांगणार? आम्हालाच कुठं ठाऊक होतं!

चांदीचं पदक मिळालं नाही. अर्ध्यातून उठून गेलेल्या मंडळींना कोण देणार? बैलांच्या चढाओढीतही अर्धा वेळ फुकट गेल्यामुळं तिसरा नंबर आला, पहिला दर्यापूरच्या जोडीनं नेला. पण तिसऱ्यालाही पितळेचा बिल्ला होता. भगवंतराव तो खिळ्यावर लावायला मागत होते. गंगूबाई म्हणाली, "बिल्ला हौश्या-नवश्याचा हाय. त्यायले इचारा." बैलांनी नाही म्हटलं असावं, कारण बिल्ला एक दिवस एकाच्या, एक दिवस दुसऱ्याच्या गळ्यात असायचा. त्या खिळ्यावर भगवंतराव मरेपर्यंत आपली टोपी टांगत. मंडळाचा एकुलता एक फोटो आहे, त्यात मधोमध दोन बैल आहेत आणि मी टोकाला अर्धाच आलो आहे.

मास्तर पुढं दर वर्षी यायचे, बिनबोलावता. ते यंत्र त्यांनी नागपुरातच ठेवलं. शेहेचाळीस साली नत्थुजींच्या विहिरीवर तेलाचं इंजिन बसलं. फुकफुकफुक, पाणी आपलं सारखं चालू. मी म्हटलं, आता मधलं थांबणं काढून टाकावं. मास्तर असे अंगावर आले की विचारू नका. "इंजिनाला दम नाही, म्हणून आपण पण सोडायचा? चार मात्रा म्हणजे चार मात्रा!" म्हणून आम्ही थांबत राहिलो. नत्थुजी ढोलावर धम्म करायचे आणि मान वर करून, डोळे मिटून, चार मात्रा नुसते ऐकायचे. काय ऐकू यायचं त्यांना, देव जाणे. पण चेहरा असा फुललेला असायचा की आम्हालाही ऐकू यायचं.

अठ्ठेचाळीसच्या दिवाळीनंतर नत्थुजी गेले. आदल्या संध्याकाळी मळ्यात दोन संत्री खाल्ली, फार गोड आहेत म्हणाले, आणि झोपेतच गेले. असं मरण सगळ्यांना यावं.

संक्रांतीनंतर अकोल्याला आमचा कार्यक्रम ठरलेला होता. जावं की नाही यावर आम्ही घोळ घालत होतो, तर गंगूबाईच म्हणाली, "जा नं! अन् मी बी येतो." छोट्या गाडीनं मूर्तिजापूर, तिथून मोठ्या गाडीनं अकोला. सगळा रस्ताभर तिच्या मांडीवर एक रिकामी घागर आणि पायाशी पितळी घंगाळ. कायले आणलं काकू, विचारलं तर, "तुहं काम कर." मी केलं.

ढोलावर चंद्रभानचा मुलगा बसला होता. आम्ही भूपाची गत धरली. लय चढली, आणि धम्म. सगळे गप्प. समोर अकोल्याची अनोळखी माणसं, त्यांना काय ठाऊक? पहिली मात्रा. मी फिडल खांद्यावरून खाली घेतलं. वाटलं, आता पुढं वाजवणं होत नाही.

धबाबा!

बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत गंगूबाई उभी होती. भरलेली घागर तिनं वरून घंगाळात उपडी केली होती. निम्मं पाणी घंगाळात, निम्मं आयोजकांच्या सतरंजीवर, आणि थोडं शेजारच्या बाईच्या शालूवर. बरोबर चार मात्रा. लोक आधी दचकले आणि मग असे हसले, अशा टाळ्या पडल्या! आमचे डोळे भरलेले आणि आम्ही हसत हसत पुढचं संथ वाजवतोय. मास्तरांचा चष्मा ओला झाला होता, तो पाण्यानं की कशानं ते मी विचारलं नाही.

गत दुसऱ्यांदा फिरून आली. लय चढली. धम्म. आणि गंगूबाई रिकामी घागर घेऊन उभी.

"थांबा रे!" ती भर सभेत ओरडली. "पानी संपलं. भरून आनतो!"

आणि पदर खोचून ती नळाकडं निघाली. पासष्टीची बाई, हळूहळू चालली होती. सभेत कुजबूज सुरू झाली, आयोजक उठून उभे राहिले. मास्तरांनी हात वर केला आणि आमच्याकडं डोळे वटारले.

"कोणी वाजवायचं नाही," ते म्हणाले. "पाणी पडायचं आहे अजून."

आम्ही थांबलो.